घाट चढले आणि अडकले : १७७८-७९ ची बोरघाट स्वारी

गेल्या डिसेंबरात रात्री दोनला फोन वाजला. आमचा ट्रेलर न्हावा शेव्याहून चाकणला निघालेला, वर सव्वीस टन माल, चालवायला आमचे जुने मामा. मामा म्हणाले, साहेब घाट चढलो, लोणावळ्याला चहापण झाला, पण आता पार्टीचा माणूस म्हणतो गोडाऊन फुल्ल आहे, परवा या. मी मुलुंडला अंथरुणात बसून हिशोब करतोय की हा माणूस सव्वीस टन घेऊन दोन दिवस उभा कुठे राहणार, जेवणाखाण्याचं काय, हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, कोण देणार, खाली आणायचा तर परत टोल आणि परत घाट. शेवटी मामांनी तळेगावच्या अलीकडे एका ढाब्यावर दोन दिवस काढले, हॉल्टिंगवरून पार्टीशी अजून भांडण चालूच आहे ते सोडा.

पण "तळेगाव" ऐकलं आणि मला झोपेतसुद्धा हसू आलं. कारण याच वाटेने, याच सीझनमध्ये, मुंबईहूनच निघालेली एक फौज घाट व्यवस्थित चढली होती आणि तळेगावला येऊन अशीच अडकली होती. शाळेत आपल्याला एवढंच सांगतात की वडगावला इंग्रज हरले, तह झाला, महादजी शिंद्यांनी नाक दाबलं. ते खरंच आहे. पण माझं काम पंधरा वर्षं या रस्त्यावर गाड्या लावायचं आहे, हा रस्ता मला किलोमीटरमध्ये कमी आणि तासांत नि डिझेलमध्ये जास्त पाठ आहे, त्यामुळे ते प्रकरण वाचताना मला लढाईच्या आधी त्यांचा डिस्पॅच दिसतो. तसंच लिहितोय. लढाईच्या नकाशावरचे बाण बघायचे असतील तर ते दुसरीकडे बघा.

आधी परिस्थिती, पटापट. १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून, राघोबादादा पेशवे झाले, बारभाईंनी त्यांना उचकटून काढलं, दादा पळत पळत इंग्रजांच्या दारात. मार्च १७७५ ला मुंबईकर इंग्रजांनी त्यांच्याशी सुरतेचा तह केला, कलकत्त्याच्या वरच्या साहेबांना तो पटला नाही, त्यांनी १७७६ ला बारभाईंशी पुरंदरचा तह केला आणि तो मुंबईच्या गळी काही उतरला नाही. त्यात पुण्यात सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच येऊन नाना फडणवीसांशी बोलत बसलेला, म्हणजे इंग्रजांच्या पोटात गोळा. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी. हा तोच ज्याच्या नावाचा वरळीचा हॉर्नबी वेलार्ड, आणि आपला दादाभाई नौरोजी रोड आधी हॉर्नबी रोड होता तोही याच्याच नावाने. हॉर्नबीच्या कौन्सिलने १७७८ च्या शेवटी ठरवलं की दादांना पुण्याच्या गादीवर नेऊन बसवायचं.

इथे एक गोष्ट आपण मुंबईकर सोयीस्करपणे विसरतो. स्वारी आली कुठून, तर आपल्याकडून! त्या गोष्टीत शत्रूचं गाव म्हणजे आपलं गाव. आणि त्यात पुन्हा गंमत अशी की तेव्हाची मुंबई म्हणजे बेटं, माहीमच्या खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे वांद्रे, अंधेरी, बोरिवली, माझं मुलुंड, ठाण्यापर्यंत सगळं १७३७ पासून मराठ्यांकडे होतं आणि इंग्रजांनी ते १७७४ च्या डिसेंबरात नुकतंच घेतलेलं. फौजेतले शिपाईसुद्धा बरेचसे कोकणातलेच. म्हणजे दोन्हीकडून शिव्या मराठीतच पडत असणार.

वाट

मुंबईहून होडीने पनवेल बंदर, तिथून चौक, खालापूर, खोपोली, मग बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा, कार्ला, वडगाव, तळेगाव, चिंचवड, पुणे. आजचा जुना हायवे धरा, फारसा फरक नाही. ही वाट काही इंग्रजांनी शोधली नाही, कार्ल्या-भाज्याची लेणी बघा, व्यापारी दोन हजार वर्षांपासून इथूनच वरखाली करतायत. वरून राजमाची, लोहगड, विसापूर सगळे बघत बसलेले. खोपोलीत खाली तळं आणि महादेवाचं देऊळ आहे ते नाना फडणवीसांनीच बांधलेलं, म्हणजे पुण्याच्या कारभाऱ्याला ही वाट घरच्या ओट्यासारखी माहीत.

घाटाची उंची किती, तर पुढे १८६३ ला रेल्वे वर नेली तेव्हा ती पंधराएक मैलांत १,८३१ फूट चढवावी लागली, त्यासाठी २५ बोगदे खणले. १७७८ ला बोगदा नाही, रस्तापण नाही, बैल आणि माणूस जाईल अशी पायवाट. तोफ काय पायवाटेने जात नाही.

आणि ही वाट अडचणीची आहे हे त्या फौजेच्या आधी शंभरसव्वाशे वर्षं सगळ्यांना कळलेलं होतं. १६६१ ला कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरायला निघाला आणि घाटाखाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला असा कोंडला की सामान टाकून, खंडणी देऊन सुटला. तो वरून खाली येत होता, हे खालून वर चढले, बाकी सामान तेवढंच आणि वाट तेवढीच.

काय घेऊन निघाले

फौज सगळी मिळून ३,९०० च्या आसपास, त्यात गोरे ६०० पेक्षा कमी, बाकी देशी शिपाई, तोफखाना, लष्करी मजूर. पुण्यावर जायला हा आकडा लहान, पण खरा आकडा दुसराच आहे. बैल. १९,०००. एकोणीस हजार हो, चुकून शून्य जास्त पडलेलं नाही.

मी एकदा ऑफिसात बसून कागदावर मांडलं. बैल दोन-दोनच्या ओळीत, एका जोडीला पुढेमागे धरून दहा फूट, म्हणजे अगदी चिकटून. साडेनऊ हजार जोड्या, पंचाण्णव हजार फूट, झाले जवळपास २९ किलोमीटर. लोणावळा ते तळेगाव रेल्वेने ३० किलोमीटर. म्हणजे हा सगळा तांडा एका ओळीत लावला तर तोंड तळेगावात शिरतंय आणि शेपूट अजून लोणावळ्याच्या चिक्कीपाशी! अर्थात सगळे एका ओळीत चालत नसणार, पसरत असणार, पण घाटात पसरायला जागा कुठे आहे. आणि खाणं? एका बैलाला दिवसाला पाच किलो सुका चारा धरला, हे कमीच धरलंय, तरी पंचाण्णव टन. रोज. माझ्या भाषेत दहाटनी ट्रक साडेनऊ, फक्त बैलांच्या कडब्याचे, आणि तो कडबा वाहायला परत बैल.

आणि या एवढ्या सरंजामाला राखायला माणसं चार हजारसुद्धा नाहीत. एका माणसामागे पाच बैल. मग लढायचं कोणी आणि बैल कोणी हाकायचे? इतकं सामान का, तर साहेबलोकांचे तंबू, टेबलं, दारू, नोकर, त्यात दादांचा लवाजमा वेगळा. हे मी रंगवून सांगत नाही, त्या काळच्या कंपनीच्या फौजा अशाच निघायच्या.

कमांड कोणाकडे, तर कमिटीकडे. कर्नल एगर्टन सेनापती, पण त्याच्यावर तिघांची कमिटी, त्यात तो स्वतः, कौन्सिलचा मेंबर जॉन कर्नाक आणि पुण्यात वकील म्हणून राहून आलेला मॉस्टिन. (मशीद बंदरचा तो जुना कर्नाक पूल या कर्नाकच्या नावाचा नव्हता, तो नंतरच्या गव्हर्नरच्या, बऱ्याच जणांची गल्लत होते.) या तिघांत पुणं आतून ओळखणारा एकटा मॉस्टिन, आणि तोच सुरुवातीला आजारी पडून मुंबईला परतला, १ जानेवारी १७७९ ला वारला. एगर्टनची तब्येतही तोळामासा. म्हणजे गाडीत माल भरपूर, ड्रायव्हर आजारी, रस्ता माहीत असलेला क्लीनर उतरून गेला, आणि मालकाचा माणूस शेजारी बसून सांगतोय आता डावीकडे घ्या.

घाटाचा महिना

नोव्हेंबर १७७८ च्या शेवटच्या आठवड्यात निघाले. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट आघाडीची तुकडी घेऊन पुढे गेला आणि त्याने बोरघाट ताब्यात घेतला. विरोध? नाही. कोणी अडवलंच नाही. एवढा मोक्याचा घाट, वर चार तोफा आणि हजारभर माणसं ठेवली असती तरी महिने लागले असते, आणि मराठ्यांनी तो सोडून दिला.

काही जण म्हणतात गाफील राहिले. मला नाही पटत. घाट अडवून काय मिळालं असतं, फौज खाली पनवेलला थांबली असती, बंदर पाठीशी, रसद होडीने रोज. तीच फौज वर आली की बंदर मागे राहिलं आणि मधे घाट आला. नानांनी हे मुद्दाम केलं असं छातीठोक सांगत नाही, पण परिणाम तोच झाला आणि नाना काही दूधखुळे नव्हते.

मग पुढे बघा. स्टुअर्ट वर पोचला आणि बाकीची फौज? ती तोफा न्यायला वाट तोडत, रुंद करत, बैल ढकलत सगळी वर आली ती २३ डिसेंबरला. एक महिना. पनवेल ते खंडाळा. तेवढ्या वेळात पुण्याला बातमी पोचली, महादजी आले, तुकोजी होळकर आले, हरिपंत फडके आले, तळेगावच्या बाजूला जमलेली मराठी फौज पन्नास हजारांच्या घरात सांगतात. अचानक जाऊन पुणं घ्यायचं होतं तर निदान अचानक तरी जायचं होतं ना.

अकरा दिवस, आठ मैल

वर आल्यावर तरी पळावं. सपाट मावळ आहे, थंडीचे दिवस, इंद्रायणीला पाणी, भात कापून झालेलं. तर हे खंडाळ्याहून कार्ल्याला गेले, अंतर आठ मैल, लागले अकरा दिवस. दिवसाला पाऊण मैलसुद्धा पडत नाही. माझी आजी पंढरीच्या वारीत याच्या दहापट चालायची.

का, तर भिवराव पानसे. पेशव्यांच्या तोफखान्याचा हा माणूस, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कमी नाव मिळालेला. मुख्य फौज मागे तळेगावला, आणि पुढे पानसे हलक्या तोफा, बाण आणि घोडेस्वार घेऊन इंग्रजांच्या आजूबाजूला घोंघावत राहिला. समोर येऊन लढायचं नाही. सकाळी तळ उठला की दुरून चार गोळे, बाण सोडायचे, बैल बिथरतील एवढं करायचं, मागे सरायचं, संध्याकाळी परत. बाण म्हणजे अग्निबाण हं, रॉकेट. एकोणीस हजार बैलांच्या कळपात एक सळसळणारं रॉकेट पडलं की काय होत असेल याची कल्पना करा. एक बैल उधळला की दहा उधळतात, पाठीवरची ओझी पडतात, तांडा तोडून परत जुळवेपर्यंत दिवस मावळला. मग दर थोड्या अंतरावर मुक्काम आणि चौकी. एक्स्प्रेसवेला आमच्या एका गाडीचं टायर फुटलं तर मागे दोन तास लाईन लागते, तसं रोज.

३१ डिसेंबरला कर्नल के नावाचा अधिकारी जबर जखमी झाला, त्यातच गेला. ४ जानेवारीला कार्ल्याला स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मेला, झाडावर चढून टेहळणी करत होता असं सांगतात. हा स्टुअर्ट म्हणजे आपला इष्टुर फाकडा. मराठ्यांनीच दिलेलं नाव, फाकडा म्हणजे बेडर, दिमाखदार गडी. पेशवाईत साडेतीन फाकडे म्हणायचे, त्यातला अर्धा हा, शत्रूचा म्हणून अर्धा. वडगावला सरकारी आवारात त्याची समाधी आहे. मी दोनेक वर्षांपूर्वी चाकणवरून येताना मुद्दाम थांबलो होतो. शेंदूर नाही पण ताजा हार होता, खाली फुटलेल्या नारळाची शेंडी, उदबत्तीची राख. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, बाबा, हे कोण? म्हणाले, इष्टुर बाबा, नवसाला पावतो. म्हटलं, इंग्रज होता ना? म्हणाले, असंल, आता हितलाच हाय.

स्टुअर्ट गेला म्हणजे फौजेतला पुढे धावणारा एकमेव माणूस गेला. ६ जानेवारीला एगर्टनने तब्येतीमुळे कमांड सोडली, कर्नल विल्यम कॉकबर्नकडे दिली. तोही कमिटीच्या हाताखालीच.

तळेगाव

९ जानेवारीला तळेगाव. पुणं राहिलं फक्त १८ मैल. आणि गाव रिकामं, जाळलेलं. दाणा नाही, वैरण नाही, माणूस नाही. बातमी अशी की चिंचवडही असंच करणार आणि वेळ पडली तर पुणंसुद्धा. नानांनी राजधानी जाळायची तयारी ठेवली होती हे लोक कौतुकाने सांगतात, मला त्यात दुसरं दिसतं, ज्या गोडाऊनला माल न्यायचाय तेच बंद करून टाकलं. मामांची पार्टी निदान परवा या म्हणाली होती.

दादांचं सांगणं होतं की मी नुसता घाटावर दिसलो की सरदार येऊन मिळतील. सगळी योजना यावर उभी. इतके दिवस झाले, एक बरा सरदार आला नाही. होळकरांकडून काही येईल म्हणून डोळे लावून बसलेले, तेही नाही.

आता निर्णयाची जागा. माझ्या दृष्टीने अख्ख्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. इंग्रजांकडे शिधा किती उरलेला? अठरा दिवसांचा. उपाशी नव्हते. कॉकबर्नला विचारलं, पुण्याला पोचता येईल का? तो म्हणाला फौज पोचेल, पण बैल आणि सामान मला राखता येणार नाही. हे वाक्य नीट बघा. लढायला ते घाबरत नव्हते. सामान सोडलं तर पुढे जाता येत होतं आणि सामान सोडलं तर पुढे जाऊन जगता येत नव्हतं. मागे जायचं तर तेच सामान परत. फार्मर म्हणून कमिटीचा सेक्रेटरी आणि कॅप्टन जेम्स हार्टले, दोघांचं म्हणणं पडलं की दोनचार दिवस थांबा, होळकरांकडचं काय ते कळू दे. दादाही हातापाया पडत होते की थांबा. कर्नाक म्हणाला मागे फिरू. आणि ठरलं मागे फिरायचं.

११ जानेवारीची रात्र. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, ज्यांना घाटातून वर आणायला महिना लागला त्याच तोफा. सामानाला आग लावली. अकराच्या सुमारास चोरपावलांनी निघाले. निघायचा बेत मराठ्यांच्या कानावर गेला नसेल हा त्यांचा विश्वास मला फार गोड वाटतो, तळात हजारो बैलवाले, हमाल, नोकर, सगळे इथलेच, आणि सामान पेटलेलं पाचपन्नास मैलांवरून दिसणार. दोन वाजता आघाडीवर गोळीबार सुरू. उजाडेपर्यंत चहूबाजूंनी वेढा. सामान आणि बैल गेले ते तेव्हाच.

हार्टलेचं मात्र मानायला पाहिजे. पिछाडी त्याच्याकडे होती, त्याने शिपाई धरून ठेवले, वेढ्यात उलटा फिरून फिरून लढला, त्याच्यामुळे फौज तरी उरली. मेलेले-जखमी साडेतीनशेच्या आसपास, त्यात अधिकारी पंधराएक. १२ तारखेला दुपारी वडगावला पोचले. तळेगाव ते वडगाव, लोकलने गेलात तर पुढचंच स्टेशन! अख्खी रात्र आणि अर्धा दिवस लढून एक स्टेशन मागे आले. १३ ला सकाळी परत तोफा सुरू, आणि कॉकबर्नने सांगून टाकलं की इथून पुढे जमणार नाही. फार्मरला बोलणी करायला पाठवलं.

१६ जानेवारीला तह. १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत, बंगालहून कर्नल गॉडर्ड घेऊन येत असलेली इंग्रजांची दुसरी फौज माघारी, ओलीस म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट (हा वेगळा स्टुअर्ट), आणि महादजींना भडोचचा वाटा, शिवाय त्यांच्या नोकरांना ४१,००० रुपये. दादा स्वतःच महादजींकडे गेले. साष्टीही परत द्यायची होती, म्हणजे तो तह पाळला असता तर मी आज मुलुंडला पेशव्यांच्या मुलखातून हा लेख लिहिला असता. मुंबईने फौज परत आल्यावर तह नाकारला, कर्नाक-एगर्टन-कॉकबर्न तिघांना कंपनीने नोकरीवरून काढलं, आणि गॉडर्डची फौज माघारी न जाता बऱ्हाणपूरहून फेब्रुवारी अखेरीस सुरतेला पोचलीसुद्धा.

दुसरं काही करता आलं असतं?

ऑफिसात आम्ही यावर वाद घातलाय, जेवणाच्या सुट्टीत, डब्यांच्या झाकणांचा घाट करून. एक म्हणाला सामान खाली पनवेललाच ठेवायचं, हजार-दोन हजार माणसं, आठ दिवसांचा शिधा पाठीवर, आणि धावत पुणं. वेगवान, मान्य. पण पुणं जाळलेलं मिळालं असतं तर? आठ दिवसांचा शिधा, सहाव्या दिवशी जळकं पुणं, आणि परत बोरघाटापर्यंत पन्नास हजार स्वार मागे. ते अजून लवकर संपले असते.

दुसरा म्हणाला खंडाळ्याला बसायचं, पनवेलपर्यंतची वाट चौक्यांनी बांधायची आणि सावकाश पुढे. हे कागदावर बरोबर आहे, फक्त ३,९०० माणसांत होत नाही. पनवेल ते खंडाळा राखायला निम्मी गेली, उरलेल्यांनी मावळात काय करायचं?

माझं मत, गॉडर्डची वाट बघायला हवी होती. तो उत्तरेकडून आला असता तर महादजी आणि होळकरांना तिकडे तोंड द्यावं लागलं असतं, घाटावरचा दाब निम्मा झाला असता. मुंबई थांबली नाही कारण श्रेय वाटून घ्यायचं नव्हतं, असं मला वाटतं, कंपनीतल्या दोन ऑफिसांचं भांडण आहे हे, ज्याने नोकरी केलीय त्याला समजावून सांगायला नको.

दोन वर्षांनी परत तेच

कोणी म्हणेल एगर्टन आजारी, कर्नाक घाबरट, म्हणून झालं. मग गॉडर्डचं बघा. चांगला सेनापती, फौज मोठी, डिसेंबर १७८० ला वसई घेतली, दुगाडला हार्टलेने (हो, तोच) मोठा हल्ला परतवला, मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश तिथे पडले. मग ८ फेब्रुवारी १७८१ च्या रात्री गॉडर्डने बोरघाट घेतला, या वेळी लढून घेतला. आणि थांबला! स्वतःचा तळ खाली खोपोलीला, कर्नल पार्करची तुकडी वर. त्याला वाटलं घाट हातात आहे हे बघूनच नाना बोलणीला येतील. नाना आले नाहीत.

मराठ्यांनी घाटाला हातच लावला नाही. ते बाजूने कोकणात उतरले. पनवेलहून खोपोलीला धान्य घेऊन येणारे काफिले चौकच्या आसपास परशुरामभाऊ पटवर्धनांनी गाठून मारले, हरिपंत आणि होळकर होतेच. एकेक पोतं आणायला पलटण पाठवावी लागायला लागली. पावसाळा आला तर घाट आणि खाडी दोन्ही बंद. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गॉडर्ड उठला आणि पनवेलला परतेपर्यंत ४६६ माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यात अधिकारी १८. खोपोली ते पनवेल, आज पाऊण तासाचा रस्ता. पुढच्या वर्षी, मे १७८२ ला, सालबाईचा तह.

१८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह करून त्यांची फौज स्वतःच पदरी घेतली. १८०४ ला इंग्रज सेनापती वेलस्लीने बोरघाटातून पुण्याकडे तोफा जातील असा रस्ता करून घेतला, आणि तो अडवायला या वेळी कोणी आलं नाही, कारण पेशवेच बरोबर होते. ऑक्टोबर १८१७ ला मुंबईची युरोपियन रेजिमेंट घाट चढून निघाली आणि ३० तारखेला खडकीला दाखल झाली. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबरला.